सहलीच्या वाटेवरचं माहेर

गाडी भासऱ्यांची होती, नवी कोरी, आणि तिच्यात माझी जागा मागच्या सीटवर मधोमध होती. ठरवली कोणी म्हणाल तर कोणीच नाही. सासूबाईंना गाडी लागते, म्हणून एक खिडकी त्यांना. जाऊबाईंना फोटो काढायचे, म्हणून दुसरी त्यांना. पुढे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, स्टेअरिंगवर, आणि त्यांच्या शेजारी माझा नवरा, कारण पुरुषाचे पाय लांब असतात. माझे पाय काय कापून ठेवले होते? पण मी बोलले नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं हे अंगवळणी पडलंय, आणि खरं सांगायचं तर गप्प राहायचंच जास्त पडलंय.

आम्ही जवाहरनगरला राहतो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. सासूबाई आमच्याकडेच असतात. पोरगा शिकायला बाहेर. भासरे-जाऊबाई नागपूरला. डिसेंबरच्या सुट्ट्यांच्या तोंडावर भासऱ्यांचा फोन आला, "नागझिऱ्याले जाऊन राहिलो आपण सगळे. दोन रात्री तंबूत. मस्त रोड ट्रिप करू!" आता ही रोड ट्रिप म्हणजे काय, तर जवाहरनगरहून भंडारा, लाखनी, साकोली आणि पुढं कोहमाऱ्याकडं. ज्या रस्त्यानं मी पोरवयात एसटीच्या दांड्याला लटकून गेले, तोच रस्ता. एसीत बसून गेलं की त्याला रोड ट्रिप म्हणायचं.

मला एरवी त्याचंही काही वाटलं नसतं. पण माझं माहेर सानगडी. साकोलीच्या फाट्यावरून आत वळलं की अर्धा तासही लागत नाही. आणि आम्ही ज्या शुक्रवारी निघणार, त्याच शुक्रवारी माझा धाकटा भाऊ पुण्याहून सानगडीला येणार होता, आणि रविवारी आईला घेऊन जाणार होता. फिरायला नाही, कायमचं.

आई एकटीच राहते. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, शेती ठेक्यानं दिलेली. पोळ्याच्या सुमारास ती अंगणात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण शेजारची काकू येईस्तोवर बराच वेळ तशीच पडून होती. भावानं ते ऐकलं आणि ठरवून टाकलं. त्याचंही चूक नव्हतं. आठशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला झोप कशी लागेल?

गुरुवारी आईचा फोन आला. "तो म्हणते चाल. मले नाई जायचं वं बाई. तिथं सहाव्या मजल्यावर बसून काय करू? भिंतीले पाहू? फोनवर सांगितलं तं तो ऐकत नाई. पण तुयं ऐकते. तू समोर बसून सांग त्याले."

"येते," मी म्हटलं. "आम्ही तिकडंच येऊन राहिलो. नक्की येते."

आणि तो ऐकलाही असता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे, मी त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलंय. अजूनही माझ्यासमोर त्याचा आवाज चढत नाही. म्हणजे सगळं काम एवढंच होतं की रविवारी दुपारी साकोलीहून एकची नागपूरची बस निघायच्या आत मी त्याच्यासमोर जाऊन बसायचं. नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "अगं, वाटेतच तर हाय. शनिवारी दुपारी दादाची गाडी घेऊन जाऊ, दोन तासात परत. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते लाखनी यायच्या आधीच कळलं. मी गाडीत सहज विषय काढला. सासूबाईंनी तोंडातली आवळ्याची सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाल्या, "जायचं असन तं सगळेच जाऊ. पण असं कसं जायचं? सहलीच्या कपड्यात व्याहीणीच्या दारात? हाती ना फळ, ना मिठाई. आन् आपण पाच जण अचानक उभे राहिलो तं त्यायनं तरी काय करावं?"

आमच्याकडं हे असं आहे. लेकीच्या सासरची माणसं दारात आली की त्यांना कोरडं परत पाठवता येत नाही. जेवण झालं पाहिजे, बायकांच्या ओट्या भरल्या पाहिजेत, व्याहीणीला साडी, जावयाला टॉवेल-टोपी. आणि जाणाऱ्यांनीही हात हलवत जायचं नाही. दोन्हीकडची तयारी झाल्याशिवाय जाणं म्हणजे दोघांचा अपमान. सासूबाईंनी हा नियम काढला नाही, त्या नुसत्या पाळत होत्या. माझी आईही पाळते, म्हणून तर मला रागही नीट करता येईना.

मी म्हटलं, "मग मले एकटीले साकोलीले उतरवून द्या. मी उद्या संध्याकाळी येते कशीबशी."

जाऊबाई खिडकीतून तोंड वळवून म्हणाल्या, "सहलीतून घरची सून रस्त्यात उतरली, असं बरं दिसते का? लोक काय म्हणतील?"

कोणते लोक? नागझिऱ्यातले वानर? पण मी परत गप्प. नवरा पुढं मान न वळवता म्हणाला, "उद्या दुपारी सगळे जाऊ ना. मिठाई साकोलीत घेऊ." झालं, तोडगा निघाला. मी लगेच आईला फोन लावला, उद्या दुपारी येतो म्हटलं. तिनं आधी विचारलं, "कितीजणं?" मी पाच म्हटलं. मग म्हणाली, "या, या. करते मी तयारी." भाऊ संध्याकाळपर्यंत पोचणार होता.

साकोली आली कधी आणि गेली कधी हे कळलंच नाही, कारण गाडी पुलावरून गेली. पूर्वी इथं एसटी थांबायची, चहावाला खिडकीशी यायचा आणि सानगडीकडं वळणारा फाटा समोर दिसायचा. आता महामार्गाचा पूल गावाच्या डोक्यावरून जातो. मी सासूबाईंच्या खांद्यावरून मान लांब करून पाहिलं. घरांचे वरचे मजले, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि एका क्लासची पाटी दिसली, तेवढ्यात पूल संपला.

तंबू कोहमाऱ्याच्या पलीकडं आत, एका तलावाच्या काठाला होते. तंबू म्हणजे कापडाचं घर. आत पलंग, उशा, आरसा, मागं संडास. घर सोडून कापडात राहायला जायचं आणि कापडात परत घरच मांडायचं, हे मला काही समजलं नाही, पण जाऊबाई "वाव, वाव" करत तीनदा आत-बाहेर झाल्या. मला समजलं ते एवढंच की फोनला रेंज नाही. एक काडीसुद्धा नाही. तिथल्या माणसाला विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, "त्याच्यासाठीच तं लोक येतात, मॅडम."

संध्याकाळी चुलीवरचा स्वयंपाक हा कार्यक्रम होता. आचारी होता, पण जाऊबाई म्हणाल्या, "तुले चुलीवर येते ना? तूच कर भाकरी, किती ओरिजिनल वाटन!" मी चुलीपुढं बसले, धुरानं डोळे चोळत भाकरी थापल्या, आणि त्यांनी त्याचे फोटो काढले. त्यांच्या फोनची मेमरी भरली तेव्हा माझा फोन घेतला. "तुले तसाही रेंज नाही तं काय करायचा?" माझा फोन तेव्हा त्यांच्या पर्समध्ये गेला तो गेलाच. मी मागितला नाही, हीसुद्धा माझीच अक्कल.

शनिवारी सकाळी जिप्सीत बसलो. उघडी गाडी, अंगावर ब्लँकेट, नाकातून पाणी. आमच्याबरोबर गाइड म्हणून जवळच्या गावची एक बाई होती, खाकी कपड्यातली, माझ्याच वयाची. तिनं नियम सांगितले, त्यातला एक दोनदा सांगितला: काहीही झालं तरी गाडीतून खाली उतरायचं नाही. मी मनात हिशेब मांडत होते की साडेदहाला गेटबाहेर, अकराला तंबूवर, बाराला निघायचं. सांबर दिसलं, गवे दिसले, मोर तर किती. मी सगळ्यांना "हो, हो, छान" म्हटलं.

परतीला लागलो आणि एका वळणावर गाडी थांबली. रस्त्यात वाघ बसला होता.

बसला होता म्हणजे अगदी मधोमध, पाय पसरून. आपल्या वडिलांचा रस्ता असल्यासारखा. आमच्या मागं दोन जिप्स्या येऊन लागल्या, पलीकडून तीन. कोणी श्वास घेईना. भासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. जाऊबाई माझ्याच फोनवर व्हिडिओ काढत होत्या. वाघानं पंजा चाटला, आडवा झाला, परत उठून बसला, जांभई दिली. लोक आयुष्यभर त्या जांभईसाठी येतात म्हणे. मी त्या वाघाला मनातल्या मनात शिव्या देत होते. ऊठ ना बाप्पा! तुले अख्खं जंगल पडलं हाय, मले फक्त सानगडीले जायचं हाय.

मी गाइड बाईला हळूच विचारलं, "दुसरा रस्ता नाही का?"

"मागं गाड्या लागल्या ना, बाई. तो उठंपर्यंत आपल्याले हालता नाई येत." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "कायची घाई हाय?"

"आईले भेटायचं हाय."

ती हसली नाही. "उठन, उठन," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांना लघवीला जायचं होतं, केव्हापासूनचं, आणि पोरांसमोर सांगता येत नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, मधुमेहाची. समोर वाघ, मागं गाड्या, खाली उतरायची बंदी. मी ब्लँकेट त्यांच्या पायांवर ओढलं आणि कानात म्हटलं, "आई, धरा जरासं." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्या वेळी मला त्यांची खरंच कीव आली. गाडीत दोन बायका अडकल्या होत्या, आणि गाडीतल्या दोन पुरुषांना आयुष्यातला सर्वांत भारी दिवस वाटत होता.

वाघ उठला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तंबूवर पोचायला दीड वाजून गेला. सासूबाई आधी धावल्या, मग जेवल्या, आणि पांघरूण घेऊन आडव्या झाल्या. भासरे हातात कागद नाचवत आले. संध्याकाळच्या फेरीत कोणाचं तरी रद्द झालं होतं, जिप्सी मिळत होती. "असा चान्स परत नाई! वाघ त्याच पट्ट्यात हाय!"

मी नवऱ्याला तंबूच्या मागं ओढून नेलं. "आणि सानगडी?"

"आता दादाले कसं म्हणू? गाडी त्याची, बुकिंग त्याचं. आई झोपली हाय, तिले उठवून कपडे बदलवून नेऊ काय?"

"तू एकटा चल माझ्यासोबत. चाबी माग."

 माझा नवरा वाईट माणूस नाही. तीस वर्षं भोंगा वाजला की बस पकडणारा, साहेबासमोर आणि भावासमोर सारखाच उभा राहणारा माणूस आहे. "उद्या सकाळी नऊले निघू," तो म्हणाला. "दहाले सानगडीत. तुझ्या भावाची बस एकची ना? मग झालं तर! तीन तास भेटतात. आई-दादाशी मी बोलतो, पक्कं."

"आई तिथं ताट वाढून बसली असन रे!" माझा आवाज चढला. तो इकडंतिकडं पाहू लागला, कोणी ऐकलं तर नाही ना. मग मला माझीच लाज वाटली आणि मी तिथून निघाले, सरळ फाटकाकडं.

फाटक बांबूचं होतं. तिथला चौकीदार उठून उभा राहिला. "कुठं, बाई?"

"मोठा रस्ता किती दूर हाय?"

"असन तीन-चार किलोमीटर. पण पायी नका जाऊ. अस्वल फिरते इकडं."

मी फाटकावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. समोर लाल मातीचा रस्ता सागाच्या झाडांतून वळत गेला होता, उन्हात अगदी निवांत दिसत होता. मोठ्या रस्त्याला लागले असते तर एखादी काळीपिवळी मिळाली असती, अंधार पडायच्या आत मी आईच्या ओसरीवर असते. मग परत फिरले. पुढं कितीतरी जणांना मी अस्वलाचं सांगितलंय. पण अस्वल नसतं तरी मी गेले नसते, हे मला तेव्हाच माहीत होतं. परत आल्यावर चहाच्या वेळी सगळ्यांची तोंडं कशी झाली असती, याचीच मला जास्त भीती होती. अस्वल तरी एकदाच फाडतं.

संध्याकाळच्या फेरीला वाघ दिसला नाही. मला बरं वाटलं. एवढा क्षुद्र आनंद मला आयुष्यात क्वचितच झाला असेल.

रविवारी नऊला निघायचं ते साडेदहाला निघालो, कारण तलावावर धुकं फार सुंदर आलं होतं आणि त्यात प्रत्येकाचा वेगळा आणि मग सगळ्यांचा मिळून फोटो व्हायचा होता. माझ्या चेहऱ्याला सगळे "हस ना जरा" म्हणत होते. मग कोहमाऱ्याला भासऱ्यांनी गाडी ढाब्यात घातली. तर्री-पोहे, मग सासूबाईंची गोळी, मग चहा, मग कोणाला तरी भजे दिसले.  मी नवऱ्याकडं बघत होते, नवरा भज्यांकडं बघत होता. शेवटी मीच म्हटलं, "दादा, भावाची एकची बस हाय. सानगडीले जायचं हाय ना आपल्याले?"

भासरे घड्याळ बघून दचकले. मनानं चांगले आहेत ते, पण दुसऱ्याचं काही लक्षात राहत नाही. "अरे बाप रे! बारा वाजून गेले! मग आता सानगडीत जाऊन काय फायदा? ते निघाले असतील साकोलीकडं. तू असं कर, फोन करून पाय."

"फोन जाऊबाईंकडं हाय."

"हो का? देते, देते," जाऊबाई म्हणाल्या. पण पर्स डिक्कीत गेली होती, बॅगांच्या खाली. "साकोलीले थांबलो की काढू." नवऱ्याच्या फोनवर भावाचा नंबर नव्हता. मला तो पाठ नव्हता. आईचा पाठ होता, तो लावला. बंद. आईचा फोन निम्म्या वेळा बंदच असतो, ती बॅटरी वाचवते.

गाडी पळत होती. सौंदड गेलं. मी दोघींच्या मधे बसून समोरच्या काचेतून रस्ता बघत होते आणि म्हणत होते, पुलाच्या आधी खालच्या रस्त्याला घ्या, खालच्या रस्त्याला घ्या. म्हणत होते म्हणजे मनात. मग मोठ्यानं म्हटलं, "दादा, खालून घ्या, फाट्यावरून!" पण ते म्हणेपर्यंत गाडी पुलावर चढली होती.

"अगं, आधी नाई का सांगायचं!" भासरे म्हणाले. "आता पुलावर थोडीच थांबवता येते. पुढं उतरून कटमधून वळू." पुढचा कट कुठं होता देव जाणे. मागं ट्रक हॉर्न वाजवत होता.

पूल उतरला आणि मी म्हटलं, "थांबवा."

"इथं कुठं..."

"थांबवा म्हटलं ना!" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी भासऱ्यांवर ओरडले. गाडी करकचून थांबली. मी सासूबाईंच्या गुडघ्यांवरून ओलांडून दाराबाहेर पडले. पाय कोणाला लागला, साडी कुठं अडकली, काही बघितलं नाही. नवरा काच खाली करून म्हणाला, "मी येऊ का?" मी "वळवून आणा गाडी" म्हटलं आणि पुलाच्या बाजूच्या खालच्या रस्त्यानं मागं चालत सुटले. चालत कसली, पळतच होते. तीन दिवसांत पहिल्यांदा माझे पाय माझ्या ताब्यात होते आणि पन्नाशीच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं.

फाट्यावर, पुलाच्या एका खांबाच्या कट्ट्यावर आई बसली होती. ठेवणीतली हिरवी साडी. मांडीवर कापडात बांधलेला मोठा डबा. पायाशी एक बॅग, दोन पिशव्या. शेजारी भाऊ फोन कानाला लावून उभा.

मला पाहून ती उठली आणि माझ्या मागं बघू लागली. "बाकीचे?"

"पुढं गेले. वळून येऊन राहिले."

"पुढं कसे गेले? मी तं अकरापासून एकेक गाडी पायते."

"पुलावरून गेलो आम्ही, आई."

"पुलावरून काहून?" तिला खरंच नवल वाटलं. "वरून तं टरक जातात. माणसायच्या गाड्या खालून जातात ना?" तिच्या एसट्या सगळ्या खालूनच गेल्या होत्या. तिला कोण सांगणार? काल सांजेपर्यंत तिनं आमची वाट पाहिली, आज सकाळी लाखोळीच्या डाळीचे वडे पुन्हा ताजे केले, आणि भावाला हट्टानं दोन तास आधी इथं आणून बसवलं. गाडी इथूनच वळेल, पाचही जणं उतरतील, इथंच खातील. तिनं कुंकवाची पुडी आणि पाच खारकासुद्धा पदराला बांधून आणल्या होत्या, व्याहीणीची आणि माझ्या जावेची ओटी रस्त्यात का होईना भरता यावी म्हणून. मला रडू फुटलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "रडतेस काहून? आली ना तू."

भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस फोन लावतोय मी."

"रेंज नव्हती."

"बरं." तो चिडला नव्हता. थकला होता. तो खाली बसला आणि माझ्याकडं बघून सरळच बोलायला लागला. "हे बघ, मला हिला उपटून न्यायची हौस नाही. दोन दिवस झाले, रडते ही. काकू रोज डोकावते म्हणते. स्वयंपाक ही करते. मला फक्त आपलं एक माणूस पाहिजे, महिन्यातून दोनदा येऊन बघणारं. औषधं आहेत का, पाय सुजलाय का, दवाखान्यात न्यायचं का. महिन्यातून दोनदा, बस. तू येते म्हण. मी आत्ता या बॅगा उचलतो आणि हिला सानगडीला परत नेतो. मी एकटा जातो पुण्याला."

 आईनं एक पिशवी उचलून हातात घेतली, परत जायला निघाल्यासारखी. तिच्या मनानं काम झालं होतं. तिची लेक आली होती, समोर उभी होती.

महिन्यातून दोनदा. जवाहरनगरहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, साकोलीहून सानगडी. सकाळी निघून संध्याकाळी परत. कारखान्यात कामाला येणारी कितीतरी माणसं रोज याहून जास्त हिंडतात. आणि मी उभ्या उभ्या बघत होते की सासूबाईंना दुपारचं जेवण कोण वाढेल, नवरा म्हणेल "पुढच्या आठवड्यात जा ना", जाऊबाई फोनवर म्हणतील "परत गेली का माहेरी?" प्रत्येक वेळी विचारायचं, प्रत्येक वेळी कोणाचं तरी तोंड बघायचं. तीन दिवस मी वाघाला, पुलाला, भासऱ्यांना, नवऱ्याला दोष देत होते. आता तिथं त्यांतलं कोणी नव्हतं. माझा भाऊ होता, माझी आई होती आणि एक "हो" म्हणायचा होता.

नागपूरची बस स्टँडकडून येताना दिसली. भावानं हात दाखवला आणि उठला. "ताई? बोल ना."

आई माझ्याकडं बघत होती. मी तिच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि म्हटलं, "पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये एसी असते. शाल वरच्या वर ठेवली ना, आई?"

मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. शब्द तोंडातून निघाले होते आणि आईला ते कळले होते. तिला सगळंच लवकर कळतं.

"ठेवली," ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडून कुंकू माझ्या कपाळाला लावलं, खारका माझ्या हातात दिल्या. मग भावानं तिच्या काखेत हात घातला आणि तिला बसची पायरी चढवली.